एक-पाच-तीन-सहा-दोन-चार

डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय गावात लेकीकडे उतरले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे चारला जाग आली. शरीर अजून खानदेशातल्या आमच्या मेहरूणच्या घड्याळावर चालत होतं. साडेनऊ तासांचा फरक एका झोपेत भरून निघत नाही. चहा करून घेतला आणि घरापुढच्या पायरीवर येऊन बसले. ऑगस्ट महिना, तरी अंगावर शाल लागत होती. रस्ता धुतल्यासारखा, हिरवळ एका उंचीची, आणि माणूस म्हणून कुठे दिसेना. सातच्या सुमारास समोरच्या घराचं गॅरेजचं दार सरसर वर गेलं आणि आत कुणीतरी गाडी सुरू केली.

चहा हातातच राहिला. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. सहा सिलिंडरचं, सपाट हेडचं पेट्रोल इंजिन. पाच ठोके आणि एक खड्डा, पुन्हा पाच ठोके आणि एक खड्डा. म्हणजे एक सिलिंडर मारत नव्हता. मेहरूण सोडून तेरा हजार किलोमीटरच्या आसपास आले होते आणि अण्णांच्या गॅरेजमधला आवाज समोरच्या घरातून येत होता.

माझे वडील, अण्णा, मिस्त्री होते. मेहरूणला घराला लागूनच पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं गॅरेज. अजिंठा चौफुलीकडे गॅरेजांची रांग नंतर वाढली. त्याआधी दुरुस्तीला गाड्या आमच्या अंगणात उभ्या राहायच्या. त्यात एक फार्गो ट्रक ठरलेला. केळीच्या हंगामात तो आठवड्याला एकदा तरी यायचा, आणि मी शाळेतून आले की दप्तर टाकून पाने द्यायला बसायची. अण्णांनी मला पाढ्यांबरोबर आणखी एक पाठ घोकायला लावला होता : एक-पाच-तीन-सहा-दोन-चार. सहा सिलिंडर ज्या क्रमाने पेटतात तो हा क्रम. हे आकडे त्यांनी गॅरेजमधल्या लाकडी कपाटाच्या दारावर खडूने लिहून ठेवले होते. पुसट झाले की पुन्हा गिरवायचे, हे काम माझं.

अमेरिकेची गाडी मेहरूणच्या अंगणात कशी आली, त्याची गोष्ट मोठी आहे. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला गाड्या जुळवायला सुरुवात केली. मग सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी आपल्या देशात मोटारी बनवायचा ध्यास घेतला आणि डेट्रॉइटच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला. १९४७ साली कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून डॉज, प्लिमथ आणि फार्गो बाहेर पडू लागल्या. १ जून १९४८ ला पुणे-नगर रस्त्यावर एसटीची पहिली गाडी धावली. त्या सुरुवातीच्या काळात एसटीच्या ताफ्यात शेव्हर्ले आणि स्टुडबेकरच्या चासीही होत्या. अशा अमेरिकी गाड्या चालत्या ठेवल्या त्या गावोगावच्या मिस्त्र्यांनी. एकाही मिस्त्र्याने डेट्रॉइट पाहिलं नव्हतं.

म्हणून त्या सकाळी मला राहवेना. लेक म्हणाली, “आई, इथे असं न कळवता कुणाच्या दारात जात नाहीत.” मी म्हटलं, “गॅरेजचं दार उघडं आहे, म्हणजे घर उघडंच आहे.” आणि रस्ता ओलांडला.

आत सत्तरी पार केलेले एक आजोबा आणि तेरा-चौदा वर्षांची त्यांची नात. मधोमध गडद हिरवी मोटार, गोल खांद्यांची, बोनेटच्या टोकावर शिडाचं छोटं जहाज. १९५० ची प्लिमथ. मी बोनेटकडे बोट दाखवलं आणि जमेल त्या इंग्रजीत म्हणाले, “एक सिलिंडर काम करत नाही.” आजोबांनी साडीतल्या या बाईकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग हातातलं फडकं बाजूला ठेवलं आणि विचारलं, “कोणता?” ते काही मला रस्त्यापलीकडून कळणं शक्य नव्हतं. मी प्लगच्या वायरीकडे पाहिलं. त्यांनी इन्सुलेशनवाल्या चिमट्याने एकेक वायर काढून दाखवली. पहिली काढली, इंजिन अडखळलं. दुसरी काढली, अडखळलं. चौथी काढली तेव्हा आवाजात काहीच फरक पडला नाही. चौथा मेलेला होता. अण्णा अगदी अशाच तऱ्हेने शोधायचे.

लेक मागून येऊन पोचली, तोवर आमचं बोलणं हातांनी सुरू झालं होतं. आजोबा मोटारीच्या कारखान्यात डाय बनवणारे कारागीर होते. ही गाडी त्यांच्या वडिलांनी नवी घेतलेली. प्लिमथ हे नाव १९२८ साली निघालं आणि २००१ साली कायमचं बंद झालं. बनवणारा ब्रँड संपला, गाडी मात्र समोर उभी, आणि पाच सिलिंडरवर का होईना, बोलत होती.

त्यानंतर महिनाभर माझी दुपार त्या गॅरेजात गेली.

भिंतीवर पाने उतरत्या क्रमाने टांगलेले. नातीने आजोबांसाठी नऊ-सोळांश इंचाचा पाना शोधायला सुरुवात केली, तोवर मी तो नजरेने ओळखून काढून दिला. आमच्याकडे त्याला साडेचार सुती म्हणतात. इंचाचे आठ भाग, एक भाग म्हणजे एक सूत. लेकीने हे इंग्रजीत समजावलं तेव्हा ती मुलगी वहीच घेऊन बसली. अर्धा इंच म्हणजे चार सूत, पाच-अष्टमांश म्हणजे पाच सूत. “हे तर सोपं आहे,” ती म्हणाली, “आमचे अपूर्णांक का नाहीत असे?”

डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली तेव्हा माझ्या तोंडून सहज गेलं, “डेल्को.” आजोबा मान हलवून हसले. “डेल्को नाही, ऑटोलाइट,” म्हणाले, आणि अंगठ्याने धातूवरची अक्षरं पुसून दाखवली. आमच्या गॅरेजात कुठल्याही गाडीचा डिस्ट्रिब्युटर म्हणजे डेल्कोच. पॉइंट जळले तर डेल्को खोल, टायमिंग चुकलं तर डेल्को फिरव. तो शब्द मी जन्मभर बोलत आले, तो कुठून आला हे मला त्या दिवशी कळलं. ओहायो राज्यातल्या डेटन गावी १९०९ साली चार्ल्स केटरिंग आणि त्यांच्या भागीदाराने एक प्रयोगशाळा काढली, तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडून डेल्को झालं. त्याच केटरिंग यांनी बटणावर चालणारा स्टार्टर बनवला आणि १९१२ च्या कॅडिलॅकला तो बसला. तोवर हँडल मारूनच गाडी सुरू करावी लागे, आणि हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडे. आपण “सेल्फ मार” म्हणतो तो सेल्फ हाच. मेहरूणच्या मिस्त्र्याच्या तोंडातले दोन शब्द, डेल्को आणि सेल्फ, एकाच माणसाच्या कामातून निघालेले. कुणी कुणाला पाहिलं नाही, पण शब्द हातोहात पोचले.

ऑगस्टचा तिसरा शनिवार उजाडला. आजोबांनी आम्हाला वुडवर्ड रस्त्यावर न्यायचं ठरवलं, प्लिमथ खोललेली म्हणून लेकीच्या गाडीने. वुडवर्ड हा डेट्रॉइटच्या पोटातून निघून पाँटिअ‍ॅक गावापर्यंत जाणारा रस्ता. जगातल्या अगदी पहिल्या सिमेंटच्या रस्त्यांपैकी एक, मैलभर लांबीचा, १९०९ साली याच वुडवर्डवर झाला. फोर्डने १९१३ साली सरकत्या पट्ट्यावर मोटारी जुळवल्या तो हायलंड पार्कचा कारखानाही याच रस्त्यावर. १९९५ पासून दरवर्षी ऑगस्टमध्ये इथे जुन्या गाड्यांची जत्रा भरते. एका गावाने मुलांच्या फुटबॉलच्या मैदानासाठी पैसे जमवायला ती सुरू केली. आता दहा लाख माणसं आणि चाळीस हजार गाड्या येतात असं सांगतात.

मी जत्रा पाहिल्या आहेत. मेहरूण तलावावरची विसर्जनाची गर्दी लहानपणापासून अंगावर घेतली आहे. पण इथली गर्दी बसलेली होती. दुतर्फा मैलोन्‌मैल घडीच्या खुर्च्या, मांडीवर नातवंडं, आणि समोरून सावकाश जाणाऱ्या मोटारी. शेपटीला माशासारखे पर असलेली १९५९ ची कॅडिलॅक. हडसन, पॅकार्ड, स्टुडबेकर, ज्यांच्या कंपन्या कधीच मिटल्या. न जळलेल्या पेट्रोलचा तो गोडसर वास, जो आताच्या गाड्यांना येतच नाही. आणि प्रत्येक गाडीच्या चाकामागे तिला हाताने उभं करणारा माणूस. थांबलं की बोनेट उघडायचं आणि शेजारच्याला दाखवायचं. हिऱ्यांचा हार दाखवावा तसा ते लोक कार्बोरेटर दाखवत होते.

आजोबांनी आणखी एक गोष्ट सांगितली ती ऐकून मी थक्क झाले. मिशिगन राज्यात पंचवीस वर्षांपेक्षा जुन्या गाडीला ऐतिहासिक वाहनाची वेगळी पाटी मिळते. तिच्यावर गाडी फक्त मेळाव्याला, मिरवणुकीला, क्लबच्या कामाला काढायची. मात्र ऑगस्ट महिनाभर ती रोजच्या वापरालाही चालते. कायद्याने जुन्या गाड्यांना एक महिना मोकळा दिला आहे! आपल्याकडेही जुलै २०२१ मध्ये केंद्राचा नियम झाला : पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते, तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ अशी अक्षरं येतात. नियम आला, हे चांगलंच झालं. पण तो आला तोवर खानदेशातल्या किती फार्गो भंगाराच्या भावाने गेल्या होत्या.

त्या शहरात फिरताना मन सारखं दोन टोकांना ओढलं जात होतं. १९५० साली डेट्रॉइटमध्ये साडेअठरा लाख माणसं राहत. २०२० च्या मोजणीत साडेसहा लाखही भरली नाहीत. २०१३ साली महापालिकेने दिवाळखोरी जाहीर केली. पॅकार्डचा अजस्र कारखाना बंद झाल्यावर अनेक दशकं उघडा पडून होता, २०२२ साली तो पाडायला घेतला. कारखाने ढासळले, आणि त्यांतून निघालेल्या गाड्या मात्र कुणाच्या तरी घराच्या शेडमध्ये तुकतुकीत उभ्या. ज्या पीकेट रस्त्यावरच्या विटांच्या इमारतीत १९०८ साली मॉडेल टी जन्मली, ती इमारतही गावच्या लोकांनी संग्रहालय करून जपली आहे.

गाड्यांचा वैरीही याच गावच्या पोटात. डेट्रॉइटखाली सुमारे १,२०० फूट खोल मिठाची खाण आहे. हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि ते मीठ गाडीचा पत्रा खालून खाऊन टाकतं. आमच्याकडे पंचेचाळीस अंशांच्या उन्हात रबर चिरतं, रंग उडतो, पण पत्रा हाडासारखा कोरडा राहतो. इथे वरून रंग झगझगीत आणि खाली तळाला हात लावला तर बोट आरपार. प्लिमथच्या मागच्या सीटखालचा तळ आजोबांनी असाच कापून काढला होता, नवा पत्रा वळवून, टाके मारून बसवला होता. सांध्यावरून हात फिरवला तरी लागत नव्हता.

गंज काढायची त्यांची एक रीत पाहून तर मला हसूच फुटलं. कोपऱ्यात एका पिंपावर झाकण होतं. ते उघडलं आणि साखर कारखान्याच्या रस्त्यावर येतो तो वास आला. मळी! एक भाग मळी, नऊ भाग पाणी, आणि त्यात गंजलेले ब्रॅकेट, बिजागऱ्या, क्लिपा बुडवलेल्या. दोन-तीन आठवड्यांनी काढायच्या, पाण्याने धुवायच्या. गंज सुटतो आणि चांगल्या लोखंडाला ओरखडा येत नाही. खानदेशात मळीला तोटा नाही. हे अण्णांना कळलं असतं तर त्यांच्या हातावरचे ॲसिडचे डाग टळले असते.

पण मुख्य काम चौथ्या सिलिंडरचं होतं. हेड उतरवलं. या इंजिनात व्हॉल्व वर हेडमध्ये नसतात, सिलिंडरशेजारी ब्लॉकमध्येच उभे असतात, म्हणून हेड म्हणजे नुसतं जाड झाकण. ते उचललं की सगळं इंजिन उघड्या पेटीसारखं समोर येतं. चौथ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व कडेला जळला होता, पापडाची कड मोडावी तसा. तिथून दाब निसटत होता. नवा व्हॉल्व दोन दिवसांत टपालाने आला. असलीच इंजिनं फोर्कलिफ्टना, शेतातल्या यंत्रांनाही बसत, त्यामुळे सुटे भाग आजही मिळतात. आणि कंपनीने त्या साली छापलेली दुरुस्तीची पोथी पुन्हा छापलेली कुणालाही विकत घेता येते. अण्णांची सगळी पोथी उस्तादांच्या तोंडून ऐकलेली होती. ती कागदावर कधी उतरलीच नाही.

नवा व्हॉल्व सीटवर घासून बसवायचा असतो. टोकाला रबरी वाटी असलेली काठी व्हॉल्वच्या माथ्याला चिकटवायची, कडेला घासायची पेस्ट लावायची आणि दोन्ही तळव्यांत काठी धरून पुढे-मागे फिरवायची. नात ते करत होती, पण जोर लावून. आवाज खरखरीत येत होता. मी तिच्या हातावर हात ठेवला. “जोर नाही, ताक घुसळतात तसं.” तिने ताक कधी घुसळलं नव्हतं, पण हातातली लय तिने लगेच पकडली. थोडं फिरवायचं, उचलायचं, जरा वळवून पुन्हा ठेवायचं. हळूहळू खरखर मऊ होत गेली आणि मग नुसती कुजबुज उरली. व्हॉल्व पुसला. कडेवर चहूबाजूंनी पेन्सिलीने बारीक आडव्या रेघा मारल्या, सीटवर ठेवून किंचित फिरवला, उचलला. सगळ्या रेघा एकाच वर्तुळात तुटलेल्या. म्हणजे व्हॉल्व सगळीकडून सारखा टेकतो. एक रेघ जरी अखंड राहिली असती तर पुन्हा घासावं लागलं असतं. अण्णा हीच परीक्षा घ्यायचे, माझ्या शाळेच्या पेन्सिलीने.

सप्टेंबरात एका शनिवारी आम्ही डिअरबॉर्नच्या ग्रीनफील्ड व्हिलेजमध्ये जुन्या गाड्यांच्या मेळ्याला गेलो. तिथे चार-सहा माणसांनी गवतावर सुट्या पडलेल्या भागांतून मॉडेल टी जुळवली आणि ती चालवत नेली. दहा मिनिटांच्या आसपास सगळा खेळ आटोपला. दीड कोटी अशा गाड्या निघाल्या, १९०८ ते १९२७. शेतकऱ्याने स्वतः खोलावी आणि स्वतःच जुळवावी अशी ती घडवलेली होती. लोक टाळ्या वाजवत होते. माझ्या डोळ्यांपुढे मात्र मेहरूणचं अंगण होतं, जिथे हेच काम रोज होई आणि कुणाला ते पाहण्यासारखं वाटत नसे. आपण गरजेपोटी करत होतो ते हे लोक प्रेमाने करतात, असं प्रथम मनात आलं. मग वाटलं, अण्णांनाही प्रेम होतंच; नाहीतर गिऱ्हाईक निघून गेल्यावरही ते इंजिनाला कान लावून का बसले असते?

येताना आजोबांनी दक्षिणेकडे बोट केलं. तासाभरावर टोलेडो आहे, जिथे विलीज कंपनीने जीप बनवली. तीच जीप महिंद्रांनी मुंबईत जुळवायला घेतली, टोलेडोत ते मॉडेल थांबल्यावरही आपल्याकडे चालू ठेवलं, आणि २०१८ साली त्याच वंशातली रॉक्सर नावाची गाडी डेट्रॉइटजवळच्या ऑबर्न हिल्समध्ये बनवायला सुरुवात केली. सासरी गेलेली मुलगी सत्तर वर्षांनी माहेरी यावी, तशी. आजोबा म्हणाले, “म्हणजे आम्ही विसरलो ते तुम्ही सांभाळलंत.” मी म्हटलं, “आम्ही विसरतोय ते तुम्ही सांभाळताय.”

माझ्या परतीच्या आदल्या दिवशी जुळणी पुरी झाली. नवं पॅकिंग, हेडचे बोल्ट मधून बाहेरच्या दिशेला थोडे थोडे आवळलेले. पॉइंटमध्ये वीस हजारांश इंचाची फट, फिलर गेजने मोजलेली. प्लग बसले. राहिल्या वायरी. नात टोपीवर वाकली आणि पुटपुटत एकेक वायर खोचू लागली, “वन, फाइव्ह, थ्री, सिक्स, टू, फोर.” माझ्या ओठांवर त्याच वेळी तेच होतं : एक, पाच, तीन, सहा, दोन, चार. तिने वर पाहिलं. दोघींनी पुन्हा एकदा म्हटलं, ती तिच्या भाषेत, मी माझ्या. ताल एकच होता. गाडीच्या लोखंडाने तो ठरवला होता, आणि एका पिढीने दुसरीला तो म्हणायला लावला होता, इथेही आणि मेहरूणलाही. गाडी टिकते ती पत्र्याच्या जाडीने नव्हे. तिचा क्रम कुणाच्या तरी तोंडपाठ असतो म्हणून टिकते.

आजोबांनी किल्ली माझ्या हातात दिली. मी चाकामागे बसले. सहा व्होल्टची बॅटरी, सेल्फ सावकाश कण्हत फिरला, एकदा, दोनदा, आणि इंजिन धरलं. आम्ही तिघंही गप्प राहून ऐकत होतो. खड्डा भरला होता. दोननंतर चार येत होता.

गॅरेजच्या भिंतीवर फळा होता, त्यावर तो क्रम खडूने लिहिलेला. नातीने खडू माझ्यापुढे धरला आणि खालची मोकळी जागा दाखवली. मी लिहिलं, अण्णांच्या कपाटाच्या दारावर गिरवायची तसं, दाबून : १-५-३-६-२-४. तिने ते बघून बघून आपल्या वहीत उतरवून घेतलं. पाचाचं वळण तिला पहिल्यांदा जमलं नाही. मग मी तिच्या हाताला धरून ते गिरवून दिलं.